कुळथाने ओळखलेले रक्त

मालवणकडे भात कापून घरात आले की दिवाळीच्या आगेमागे त्याच शेतातल्या उरल्यासुरल्या ओलीवर कुळीथ पेरतात. वेगळे पाणी नको, फारशी निगा नको. शेंगा वाळल्या की झोडपून दाणे काढायचे, ते भाजायचे, भरडायचे, दळायचे आणि पीठ डब्यात भरून ठेवायचे. पुढे वर्षभर कुळथाची पिठी हे घरातले हक्काचे कालवण. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागल्या आणि बाजारातली ताजी मासळी आटली की पिठी, भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा यांवर घराचे दिवस निघतात. पाहुण्यासमोर मुद्दाम वाढावा असा हा पदार्थ कोणी मानत नाही. पण मुंबईहून आलेला चाकरमानी पहिल्या रात्री हटकून मागतो तो हाच.

या दाण्याने वैद्यकशास्त्रात एक काम करून ठेवले आहे, ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. कच्च्या कुळथाचा अर्क माणसाच्या काही रक्तपेशी ओळखतो आणि काही सोडून देतो, हे १९५१ साली पुण्यातून जाहीर झाले. दुसऱ्याच वर्षी मुंबईत परळला सापडलेल्या एका रक्ताची माहिती जगापुढे आली. त्या रक्ताच्या पेशी ठाऊक असलेल्या कोणत्याच गटात बसत नव्हत्या. दोन्ही शोधांमागचा प्रश्न एकच होता. पेशीच्या बाहेरच्या अंगावर नेमके असते तरी काय? सूक्ष्मदर्शक माणसाच्या हाती येऊन तोवर तीन शतके उलटून गेली होती, तरी याचे उत्तर भिंगातून मिळालेले नव्हते. ते कसे मिळत गेले, त्याची ही हकिकत आहे.

भिंगाला दिसले तेवढे

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली बुचाच्या झाडाच्या सालीचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि त्यात त्याला ओळीने मांडलेल्या रिकाम्या खोल्या दिसल्या. त्याने त्यांना ‘सेल’, म्हणजे लहान खोली, असे नाव दिले. आपण त्याला पेशी म्हणतो. हूकला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या उरलेल्या भिंती. घर दिसले, राहणारा दिसला नाही. पुढे १६७४ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक या कापड व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगातून रक्तातल्या तांबड्या पेशींचे वर्णन केले. प्राणी असो वा वनस्पती, सारे सजीव पेशींचे बनलेले आहेत, हा सिद्धांत श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८-३९ मध्ये मांडला. त्यानंतर भिंगे सुधारली, पेशी रंगवण्याच्या युक्त्या निघाल्या, पेशीतले केंद्रक आणि गुणसूत्रे दिसू लागली.

पण एक अडसर राहिला. प्रकाशाच्या लहरींनाच लांबी असते. त्या लांबीच्या निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू साध्या सूक्ष्मदर्शकातून वेगळे दिसत नाहीत, मग भिंग कितीही उत्तम असो. जर्मनीतल्या एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये ही मर्यादा दाखवून दिली. ती साधारण २०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. तांबडी रक्तपेशी रुंदीने सात-आठ हजार नॅनोमीटर असते, म्हणून ती दिसते. तिच्याभोवतीचे पटल मात्र सात-आठ नॅनोमीटर जाडीचे असते. दहा मीटरची होडी डोळ्यांसमोर आणली तर तिच्या तुलनेत हे पटल सेंटीमीटरभर जाडीच्या फळीएवढे भरेल. आबेच्या हिशेबाने ती फळी साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसणे शक्यच नव्हते.

मग लोक आडवाटेने गेले. १९२५ मध्ये लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तपेशींमधला स्निग्धांश काढून पाण्यावर पसरला. पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट जागा त्याने व्यापली. यावरून पटल स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असणार असे त्यांनी अनुमान केले. गंमत अशी की त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या, पण त्या एकमेकींना भरून काढणाऱ्या निघाल्या आणि निष्कर्ष बरोबर ठरला. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे पटल रेल्वेच्या रुळांसारख्या दोन काळ्या रेषांच्या रूपात दिसले. तरीही एका माणसाची रक्तपेशी दुसऱ्याच्या पेशीहून वेगळी कशाने ठरते, ते त्या रेषांत कुठेच दिसत नव्हते.

पुंजक्यांची साक्ष

तो वेगळेपणा १९०० सालापासून ठाऊक होता. व्हिएन्नातल्या कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेतले, त्यातल्या पेशी आणि रक्तद्रव वेगळे केले आणि एकाच्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून पाहिल्या. काही जोड्यांत पेशी सुट्या तरंगत राहिल्या. काहींत त्या एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले. जखमेवर रक्त गोठते ती गोष्ट निराळी, तिथे रक्तद्रवातल्या प्रथिनाचे धागे विणले जातात. इथे पेशीला पेशी चिकटते. काचपट्टीवर ते नुसत्या डोळ्यांनाही कळते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तर द्राक्षांचे घड लटकल्यासारखे दिसते.

यातून रक्तगट निघाले: ए, बी, ओ, आणि १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना सापडलेला एबी. ए गटाच्या पेशींवर ए ही खूण असते आणि त्या माणसाच्या रक्तद्रवात बी विरुद्धची प्रतिपिंडे असतात. बी गटात नेमके उलटे. ओ गटाच्या पेशींवर दोन्ही खुणा नसतात, म्हणून त्यांच्या रक्तद्रवात दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडे असतात. लँडस्टायनर यांना या कामासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुंजके बांधले जाणे ही एका अर्थाने साक्षच होती. खूण स्वतः दिसत नव्हती, पण ती असल्याचा परिणाम स्पष्ट दिसत होता.

पुढे ए गटाचेही दोन पोटभेद आढळले, ए-१ आणि ए-२. युरोपातल्या ए गटाच्या लोकांत साधारण पाचवा हिस्सा ए-२ असतो. आपल्याकडे तो कमी आहे. रक्त जुळवताना कधी कधी या भेदामुळे निकालात गोंधळ होतो. तो सोडवायला ए-१ पेशींनाच ओळखणारे द्रव्य लागे. ते करण्याची रीत किचकट होती. बी गटाच्या माणसाचे रक्तद्रव घ्यायचे, त्यात ए-२ पेशी टाकून नको असलेली प्रतिपिंडे त्यांच्यावर शोषून घ्यायची, आणि जे उरेल ते वापरायचे. ते थोडेच मिळे, आणि त्यासाठी नेमके दाते शोधावे लागत.

एरंड, गुंज आणि कुळीथ

रक्तपेशींचे पुंजके बांधण्याची शक्ती वनस्पतींतही असते, हे लँडस्टायनर यांच्याही आधी लक्षात आले होते. आज एस्टोनियात असलेल्या, तेव्हाच्या डोर्पाट विद्यापीठात हेर्मान श्टिलमार्क यांनी १८८८ मध्ये एरंडाच्या बियांतले विषारी द्रव्य तपासले, तेव्हा त्याने रक्तपेशींचे पुंजके होतात असे दिसले. सोनाराच्या तराजूतल्या गुंजेतही तसेच द्रव्य निघाले. पण ही द्रव्ये गट पाहत नव्हती. येईल त्या पेशीला चिकटवत होती.

गट पाहणारी बी सापडली ती १९४५ मध्ये, अमेरिकेत बोस्टन येथे. विल्यम बॉइड यांनी दुकानातून लायमा नावाच्या शेंगेचे वाळलेले दाणे आणवले आणि त्यांचा अर्क करून पाहिला. तो ए गटाच्या पेशी एकत्र चिकटवी, ओ गटाच्या सोडून देई. हेलसिंकीच्या रेंकोनेन यांनी स्वतंत्रपणे बऱ्याच बिया तपासून १९४८ मध्ये असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा द्रव्यांना ‘लेक्टिन’ हे नाव बॉइड यांनी १९५४ मध्ये दिले. लॅटिनमध्ये निवडणे या अर्थाचा जो धातू आहे त्यावरून ते घेतले आहे. दाणा निवडतो, म्हणून लेक्टिन.

या दोघांच्या पाठोपाठ आपल्या कुळथाची पाळी आली. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जी. डब्ल्यू. जी. बर्ड हे लष्करी डॉक्टर रक्तसंक्रमणाचे काम पाहत होते. १९५१ मध्ये बंगळूरहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी कळवले की डॉलिकॉस बायफ्लोरस, म्हणजे कुळीथ, या दाण्याच्या अर्काने माणसाच्या ठरावीक रक्तपेशींचे पुंजके होतात. दुसऱ्या वर्षी ‘नेचर’मध्ये त्यांनी नेमका भेद मांडला. अर्क योग्य प्रमाणात पातळ केला तर तो ए-१ पेशींना चिकटवतो आणि ए-२ पेशींना सोडतो. म्हणजे त्या किचकट रीतीने मोठ्या खटपटीने जे साधत होते, ते काम मूठभर दाणे कुटून, मिठाच्या पाण्यात भिजवून, गाळून घेतल्यावर होऊ लागले. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे कुळथाचे शास्त्रीय नाव बदलले, पण रक्तपेढ्यांत या द्रव्याच्या बाटलीवर डॉलिकॉस हेच नाव राहिले. आज ए आणि बी ओळखायला प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडे वापरतात. ए-१ साठी मात्र कुळथाचा अर्क अजूनही जगभर विकला जातो.

इथे एक शंका येईल. हा दाणा रक्तपेशींना चिकटवतो, तर पिठी खाल्ल्यावर काय होते? काही होत नाही. लेक्टिन हे प्रथिन आहे. भाजताना आणि शिजवताना त्याची घडी मोडते आणि चिकटण्याचा गुण जातो. शिवाय जेवण पोटात जाते, रक्तात तसेच उतरत नाही. राजमा कच्चा किंवा अर्धकच्चा खाल्ला तर उलट्या होतात, त्याचे कारणही लेक्टिनच. म्हणून तो भिजवून नीट उकळायचा असतो.

खूण कसली असते?

कुळीथ नेमके काय ओळखतो, याचा उलगडा रसायनशास्त्राने केला. रक्तपेशीच्या पटलात रुतलेल्या प्रथिनांवर आणि स्निग्ध रेणूंवर शर्करांच्या छोट्या साखळ्या असतात, आणि त्या बाहेरच्या बाजूला डोकावतात. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची शर्करा जोडली की जी खूण होते तिला एच म्हणतात. ही झाली पायरी. तिच्यावर ए गटात एक विशिष्ट नत्रयुक्त शर्करा बसते, बी गटात गॅलॅक्टोज बसते, आणि ओ गटात काहीच बसत नाही, नुसती एच पायरी उघडी राहते. माणसामाणसांत रक्तावरून जो एवढा मोठा भेद पडतो, तो एका शर्करेच्या कणाचा असतो.

कुळथाचे लेक्टिन ए गटाच्या त्या टोकाच्या शर्करेला धरते. त्याच्या एका रेणूला एकाहून अधिक हात असतात. एक हात या पेशीवर, दुसरा शेजारच्या पेशीवर, असे धरत गेले की पुंजका होतो. ए-१ पेशीवर अशा सुमारे १० लाख खुणा असतात, ए-२ वर अडीच लाखांच्या आसपास. पातळ अर्काला दाट खुणा लागतात, म्हणून तो ए-१ ला धरतो आणि विरळ ए-२ ला सोडतो. १९७० मध्ये अमेरिकेत मॅरिलिन एट्झलर आणि एल्विन काबाट यांनी हे प्रथिन कुळथातून शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

एच पायरीचा मागही असाच अनपेक्षित जागी लागला. वामीच्या, म्हणजे ईल माशाच्या, रक्तद्रवात एच खूण ओळखणारे द्रव्य असते. लंडनच्या लिस्टर संस्थेत विनिफ्रेड वॉटकिन्स आणि वॉल्टर मॉर्गन यांनी १९५२ मध्ये दाखवले की त्यात फ्यूकोज शर्करा घातली की ते द्रव्य निष्प्रभ होते. ज्या शर्करेने तोंड बंद होते, तीच त्याची ओळखीची खूण असणार. वाम आणि कुळीथ, दोन्ही मालवणच्या माणसाला ओळखीची. प्रयोगशाळेत ती इतक्या जवळजवळ येऊन बसली होती.

परळ, १९५२

त्याच १९५२ सालच्या ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईहून एक छोटा निबंध आला. लेखक होते वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया, परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातले. त्यांच्यासोबत लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स हेही सहलेखक होते. या महाविद्यालयाला जोडलेले केईएम रुग्णालय १९२६ पासून गिरणगावाच्या मध्यावर उभे आहे. गिरणीत पाळी करणारा कोकणी माणूस आजारी पडला की त्याची खाट बहुधा इथेच पडे.

निबंधात वर्णन केलेल्या रक्ताच्या पेशी ए विरुद्धच्या द्रव्याने चिकटत नव्हत्या, बी विरुद्धच्यानेही नाहीत. इथवर ते ओ गटाचे वाटेल. पण एच विरुद्धच्या द्रव्यानेही त्या चिकटेनात. म्हणजे पायरीच नव्हती. आणि त्या माणसांच्या रक्तद्रवात ए, बी आणि एच या तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे होती. ओ गटाच्या पेशींचेही ते पुंजके करी. या गटाला पुढे शहरावरून ‘बॉम्बे’ नाव पडले. शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले तरी रक्ताचे नाव तेच राहिले.

याचे कारण जनुकांत आहे. एच पायरी बांधणारे जनुक आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हींकडून बिघडलेले आले तरच असे रक्त होते. आईवडील प्रत्येकी एक बिघडलेली प्रत बाळगून असतात, पण त्यांच्या स्वतःच्या रक्तात काहीच वावगे दिसत नाही. त्यांच्या प्रत्येक अपत्याला बॉम्बे गट मिळण्याची शक्यता चारात एक. नात्यात किंवा लहानशा वर्तुळात लग्ने होत राहिली की अशा दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. भाटिया आणि एल. डी. संघवी यांनी १९६२ मध्ये या गटाचा नात्यातल्या विवाहांशी असलेला संबंध मांडला. युरोपात हा गट दहा लाखांत एखादा आढळतो. मुंबईत भाटिया आणि साठे यांच्या १९७४ च्या पाहणीत हे प्रमाण ७,६०० जणांत एक असे आले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यापायी संसार मोडू शकतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ए किंवा बी चे जनुक असू शकते. पायरी नसल्यामुळे ते दिसत नाही, एवढेच. पुढच्या पिढीत मात्र ते जाते. १९५५ मध्ये अमेरिकेत लेव्हाइन यांनी एका इटालियन वंशाच्या कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली आई तपासणीत ओ गटाची दिसत होती आणि तिची एक मुलगी एबी गटाची होती. शाळेच्या पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे हे अशक्य आहे. रक्तगटाच्या कार्डांवरून कोणी घरात संशय घेत असेल, तर त्याने आधी हे उदाहरण वाचावे.

दाणे पुन्हा भिंगाखाली

बियांच्या या गुणाचा उपयोग रक्तपेढीपुरता राहिला नाही. १९६० मध्ये पीटर नॉवेल यांना आढळले की घेवड्याच्या दाण्यातले लेक्टिन घातले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी विभागू लागतात. विभागणाऱ्या पेशीतच गुणसूत्रे नीट मोजता येतात. त्यामुळे बोटभर रक्तावरून माणसाची गुणसूत्रे तपासणे सोपे झाले. १९७१ मध्ये निकोल्सन आणि सिंगर यांनी बियांतल्या लेक्टिनला लोहयुक्त प्रथिनाचा कण जोडला. लोह इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यासारखे दिसते. लेक्टिन जिथे बसेल तिथे ठिपका. त्यांनी रक्तपेशींच्या पटलावर हे करून पाहिले तेव्हा ठिपके पटलाच्या बाहेरच्या अंगावर पडले, आतल्या अंगावर नाहीत. शर्करा फक्त बाहेर तोंड करून असतात, हे डोळ्यांनी दिसले. पुढच्याच वर्षी या दोघांनी पटलाचे जे चित्र मांडले, स्निग्ध थरात तरंगणारी प्रथिने, ते आज पाठ्यपुस्तकात असते.

कुळथाच्या लेक्टिनलाही चमकणारा रंग जोडून आज ऊतींचे काप रंगवतात. उंदराच्या मूत्रपिंडातल्या मूत्र गोळा करणाऱ्या नलिका त्याने उजळून निघतात. आपल्याकडे मुतखड्यावर कुळथाचे कढण देतात, त्या औषधाचा हा पुरावा नव्हे. दोन्ही ठिकाणी मूत्रपिंड आले हा योगायोग आहे.

मग कुळथाला हे लेक्टिन कशासाठी? माणसाचे रक्त तपासण्यासाठी तर नक्कीच नाही. याचे सारे उत्तर अजून मिळालेले नाही, पण एक धागा सापडला आहे. कडधान्यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांत राहणारे जिवाणू हवेतले नत्र जमिनीत आणतात. एट्झलर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कुळथाच्या मुळात एक लेक्टिन दाखवले. ते या जिवाणूंनी धाडलेल्या शर्करायुक्त निरोपाला धरते. पाहुणा कोण आहे, हे झाडही शर्करेवरूनच ओळखत असावे. भातानंतर कुळीथ पेरला की जमीन सुधारते, असे आपले शेतकरी म्हणतात, त्यामागचा व्यवहार काहीसा असा आहे.

कार्डावरचा ‘ओ’

आता पुन्हा रक्ताकडे. बॉम्बे गटाच्या माणसाला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. ओ गटाचे रक्त कोणालाही चालते हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो, पण या माणसाला तेच घातक ठरते. त्याच्या प्रतिपिंडांमुळे दिलेल्या पेशी फुटतात, मूत्रपिंडे बंद पडू शकतात, जीव जाऊ शकतो. आणि घाईच्या तपासणीत, फक्त पेशी पाहिल्या तर, त्याच्या कार्डावर ‘ओ’ असेच लिहिले जाते. गफलत पकडायचा मार्ग साधा आहे. पेशींबरोबर रक्तद्रवही उलट बाजूने तपासायचे, आणि त्यात ओ गटाच्या पेशी घालून पाहायच्या. त्यांचे पुंजके झाले की शंका घ्यायची. मग एच ओळखणारे लेक्टिन वापरून खात्री करायची. ते युलेक्स नावाच्या काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांतून येते, आणि ते झुडूपही कुळथाच्याच कुळातले, शेंगा धरणारे.

मालवणहून मोठ्या रक्तपेढीपर्यंतचे अंतर रात्री-अपरात्री फार वाटते. बाळंतपण किंवा अपघात गट विचारून येत नाही. म्हणून ज्याला आपला गट बॉम्बे असल्याचे कळले आहे, त्याने ते कागदावर लिहून जवळ ठेवावे, घरच्यांना सांगावे आणि रक्तपेढीत नोंदवावे. त्याच्या सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावे, कारण दाता मिळण्याची सर्वांत मोठी आशा तिथेच असते. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी स्वतःचेच रक्त काढून ठेवता येते का, हे डॉक्टरांना विचारावे.

पिठीचा डबा ज्या फळीवर असतो, त्याच फळीवर घरातल्यांच्या रक्तगटाची कार्डेही एकत्र ठेवायला हरकत नाही. आणि त्यांतले कुठले कार्ड उलटसुलट दोन्ही बाजूंनी तपासून केलेले आहे, हे पुढच्या वेळी रक्तपेढीत गेल्यावर जरूर विचारून घ्यावे.